वाळूखालची अकरा नाणी

भिंतीवर, खडूने: जागा.

"समुद्र आहे ना तो? मग समुद्राच्या अंगालाच ठेवायचा," रेदाना म्हणाला. "डोंगराकडे देव, समुद्राकडे बाकी सगळं. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"समुद्राच्या अंगाला आपल्याकडे काय आहे, ब्ली?" लुहने, त्याच्या बायकोने, विचारलं. तिकडे नवऱ्यालाही ब्ली, म्हणजे दादा, म्हणतात.

अंगणात समुद्राच्या अंगाला डुक्कर होतं.

"डुकराशेजारी निजवायचं म्हणता समुद्राला? निजवू की. शिवाय दुपारभर ऊन. दोन दिवसांत माशाची आमटी तयार. ताट घेऊन बसा."

लुह रस्मिनीने खडू उचलला आणि 'जागा' या शब्दाखाली लिहिलं: आतली खोली, पूर्वेची भिंत. ऊन नाही. चुलीचा धूर नाही. खाली पक्की जमीन. नळ सात पावलांवर.

सात पावलं तिने मोजली होती. खाऱ्या पाण्याची, माशांची काचेची पेटी यायच्या आधी तिने त्या पेटीच्या मापाचा चौकोन जमिनीवर आखला आणि चार दिवस त्याला वळसा घालून चालायला रेदानाला लावलं. चार फूट लांब, दोन फूट रुंद. रात्री पाणी प्यायला उठलेला रेदानासुद्धा नसलेल्या पेटीला वळसा घालून जाई, आणि मग स्वतःलाच शिव्या देई.

*

आता या दोघांत समुद्र कोणाचा, हे आधी सांगायला हवं.

रेदाना तीस वर्षं समुद्राच्या तळाशी होता. होडीवरच्या कॉम्प्रेसरची नळी दातांत धरून खाली जायचं, जाळीत शोभेचे मासे धरायचे, वर यायचं. एकदा तो फार भरभर वर आला आणि रक्तात हवेचे बुडबुडे धरले. तेव्हापासून डावा पाय त्याच्या मागून चालतो. नऊ वर्षं झाली, त्याने डोकं पाण्याखाली घातलेलं नाही.

लुहला पोहता येत नाही. तीही वीस वर्षं माशांतच होती, पण किनाऱ्यावरच्या माल पाठवायच्या शेडमध्ये. पिशवीत एक मासा, दोन तृतीयांश हवा, गाठ, खोका, विमानतळ, पुढे परदेशातल्या घरांतल्या काचपेट्या. तिथल्या टाक्यांचं पाणी तीच तपासायची. कुठला मासा भुकेला, कुठला रुसलेला आणि कुठला उद्या मरणार, ते तिला काचेबाहेरून कळे. ज्या प्रवाळातून ते मासे आले, ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

शेड सोडताना ती म्हणाली होती, "वीस वर्षं लेकी सासरी धाडल्या. सासर असतं कसं ते एकदा पाहू दे."

असा हा घाट. पण त्यात नंतर सोनबोट आलं, आणि मग खेळ खेळ राहिला नाही.

*

सोनबोट म्हणजे एक प्रवाळ. दगडी देठ, देठाच्या टोकाला लांब मऊ बोटांचा झुपका, बोटांची टोकं सोनेरी. तरुणपणी रेदाना आणि त्याच्या बरोबरीचे सगळे, बाटलीत पोटास, म्हणजे सायनाइडचं विष, कालवून प्रवाळाच्या फटींत पिचकारी मारत. मासे झिंगून बाहेर येत. प्रवाळ जागच्या जागी मरे. पुढे गावाने पोटास सोडलं, लोखंडी चौकटी, सिमेंटचे लहान चौथरे समुद्रात उतरवले, त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधायला घेतले. तेव्हा रेदाना आपल्या जुन्या जागेवर गेला. त्याने स्वतः मारलेल्या त्या प्रवाळाच्या वाडीत एका कपारीत एकच सोनबोट जिवंत होतं. त्याचेच तुकडे करकरून त्याने चाळीस केले. मग पाय गेला. चाळीसही जण खाली राहिले, तो वर.

यंदा समुद्र तापला, आणि पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडून मरतं. कोमांग, त्याचा जुना जोडीदार, रोज खाली जाऊन येई आणि आकडा सांगे. बावीस पांढरी पडली. एकतीस. अडतीस.

"ब्ली, दोनच उरलीत," कोमांग एका सकाळी उंबऱ्यावर ओला बसून म्हणाला. मग लुहकडे वळला; तिला तो म्बोक, म्हणजे ताई, म्हणे. "म्बोक, तुझी ती पेटी कधी भरायची? का नुसती आरशासारखी बघणार आहेस तिच्यात?"

लुहने भिंतीवर 'सासर' असं लिहिलं होतं, ते पुसलं. तिथे लिहिलं: सोनबोट. पंखा लावून पाणी २६ अंशांवर ठेवायचं.

*

भिंतीवर: दगड.

दगड रेदानाने ओतले. सिमेंट, वाळू, नारळाच्या करवंट्यांचे तुकडे, आणि सुकल्यावर महिनाभर गोड्या पाण्यात बुडवून सिमेंटचा चुना उतरवलेले. ते रचायलाही त्यालाच बसवलं, कारण खाली कसं असतं ते ती सांगू शकत नव्हती. डोळे मिटून तो हात फिरवी. इथं कपार. इथून प्रवाह आत येतो, इथं आपटतो, इथं फिरतो. इथं पाठीमागे सावली, बुजरे मासे तिथं. तीन तासांत रिकाम्या काचेच्या पेटीत त्याची जुनी वाडी उभी राहिली.

लुह बघत राहिली. मग तिने दोन दगड काढून टाकले.

"अगं ए!"

"काचेला टेकलेत. मागून पुसायला हात कसा जाणार? तुमच्या समुद्राला मागची बाजू नसते. माझ्याला आहे."

तिचं खरं होतं, आणि दोन दगड गेल्यावर वाडी अधिकच त्याच्या वाडीसारखी दिसत होती. हे त्याने तिला सांगितलं नाही. कोमांगला सांगितलं. "तीस वर्षं मी खाली होतो," तो म्हणाला, "आणि ती शेडमध्ये बसून माझ्यापेक्षा बरं बघत होती."

*

पाणी भरायच्या दिवशी सकाळी लुह बाजारात गेली असताना रेदानाने एक काम केलं.

त्या गावात घर बांधलं तर पूजा करून त्याला जिवंत करावं लागतं. होडीलाही. मोटरसायकललाही तिच्या सणाला फुलं मिळतात. आणि इथे अर्ध्या टनाची वास्तू उभी राहत होती, तिच्यात जीव राहायचे होते, आणि वास्तुशांतीचं नाव काढलं की लुह म्हणायची, "पेटीच्या आत फूल नको, तांदूळ नको, पवित्र पाणी नको. बाहेर काय करायचं ते करा."

फूल कुजतं. तांदूळ कुजतो. रेदानाने विचार केला, न कुजणारं काय? आजोबांच्या माळेतली भोकाची नाणी. घराच्या पायात पुरतात तसली. तीनशे वर्षं जमिनीत राहिली तरी काही होत नाही त्यांना. त्याने अकरा नाणी पांढऱ्या दोऱ्यात ओवली, मागच्या सावलीतल्या कपारीखाली वाळूत दाबली, हात जोडले. सोनबोट जगू दे. माझ्या हातून गेलं होतं, माझ्या घरात जगू दे.

मग लुह आली, कोमांग होडीतून भर समुद्राचं पाणी घेऊन आला, आणि बत्तीस कॅन पाणी त्या अकरा नाण्यांवर चढलं.

*

भिंतीवर: दिवस १. पाणी ढगाळ.
दिवस २. ढगाळ. ब्लींनी सहा वेळा विचारलं.
दिवस ३. स्वच्छ. एक कोळंबी कुजायला टाकली.
दिवस ९. वास.
दिवस १०. वास.
दिवस ११. शेजारीण येऊन गेली. वास.

"मेलेली कोळंबी टाकून जिवंत समुद्र होतो, हे मी पहिल्यांदा ऐकतोय," कोमांग नाक धरून म्हणाला.

"घाण खाणारे जिवाणू आधी यायला हवेत. त्यांना आधी घाण लागते. तू पाहुणा आलास की मी आधी भात शिजवते ना? तसं."

"म्हणजे मीपण..."

"मी काही बोलले नाही."

रोज संध्याकाळी ती काचेच्या नळीत पाणी घेई, थेंब टाके, उजेडाकडे धरी. हिरवं म्हणजे अमोनिया. जांभळं म्हणजे पुढची पायरी. ती रंगाकडे बघायची आणि रेदाना तिच्याकडे. तीस वर्षांत त्याने समुद्राला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं घेतलं होतं. ही रोज विचारत होती आणि उत्तराची वाट बघत होती.

*

दिवस १६. पंख्याने पाणी तीन बोटं उडालं. ब्लींनी भरलं.

एवढंच लिहिलंय. झालं होतं असं, की रेदानाने मोठ्या प्रेमाने समुद्राचं पाणी आणून तीन बोटं भरलं. समुद्र कमी झाला, समुद्र घाला. लुहने मीठ मोजायचा तरंगता काटा पाण्यात सोडला, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि कमरेवर हात ठेवले.

"माझा बाप काय करायचा?"

"मीठ पिकवायचा."

"ताडाच्या खोडात खारं पाणी घालून उन्हात ठेवायचा. पाणी जायचं कुठं?"

"वर."

"आणि मीठ?"

रेदानाने हातातला कॅन खाली ठेवला.

"मीठ उडून गेलं असतं तर माझ्या बापाने मला काय खाऊ घातलं असतं, हवा? उडतं ते गोडं पाणी. घालायचं ते गोडं पाणी. तीस वर्षं समुद्रात राहून साधं मीठ कळलं नाही तुम्हाला!"

"मी बुडालेलो होतो ना," रेदाना म्हणाला. "बुडालेल्याला काय कळतंय."

ती हसली. पण त्या दिवसापासून पाण्याचं मडकं तिच्या ताब्यात गेलं.

*

दिवस ३४. हिरवं नाही. जांभळं नाही.
दिवस ३५. पट्ट्यांचे दोन छोटे मासे. खातात.
दिवस ३६. काच स्वच्छ. इतकी स्वच्छ कशी?

नव्या पेटीत आधी तपकिरी शेवाळ धरतं, ते धरायलाच हवं, असं लुहचं म्हणणं. ते धरलंच नव्हतं. ती काचेला नाक लावून बसे आणि तपकिरी ठिपका शोधे. रेदाना मनातल्या मनात नाण्यांना हात जोडे. पुण्य वर येतंय, त्याला वाटे. आता सांगावं. मग वाटे, सोनबोट फुललं की सांगू, म्हणजे तिला बोलायला जागा राहणार नाही.

दिवस ३८. कोमांग ओलाच धावत आला. खालच्या दोनातलं एक रात्रीतून पांढरं झालं होतं. उरलेलं त्याने उचलूनच आणलं होतं, टोपलीत, ओल्या कापडाखाली. सात देठं, सात झुपके, सगळे मिटलेले. सोबत सात गोगलगाई, काच साफ करायला.

लुहने त्याला सावलीतल्या कपारीच्या वर बसवलं. दोन तासांनी एका देठातून एक बोट बाहेर आलं. टोक सोनेरी. मग दुसरं. तीस वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं होतं ते लुहने तेव्हा पाहिलं. तिच्या हातात ओला फडका होता, त्याचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"एवढं हलतं?" ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत, की ते हलतं."

*

दिवस ३९. एक गोगलगाय पालथी.
दिवस ४०. तीन.
दिवस ४१. सात.
दिवस ४१. सोनबोट मिटलं.
दिवस ४२. एक देठ गेलं.
दिवस ४३. मासे मजेत. मासे मजेत कसे?

या शेवटच्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या.

*

"मासे मजेत आहेत म्हणजे पाणी चांगलंय," रेदाना म्हणाला. त्या दिवसांत तो हे सारखं म्हणे.

"मणका असलेले मजेत. बिनमणक्याचे मरतायत." लुह भिंतीसमोर उभी होती, खडू ओठांवर टेकवून. "शेवाळही धरत नाही. शेडमध्ये आजारी माशांच्या टाकीत निळं औषध घालायचो आम्ही, आठवतंय? मासे बरे व्हायचे. त्या टाकीत चुकून एक झिंगा गेला तर तासाभरात आडवा. कशाचं होतं ते औषध?"

तिने खडू खाली ठेवला.

ती तडक शेडमध्ये गेली. येताना तिथली तपासायची बाटली मागून आणली. नळीत पाणी, पाण्यात थेंब. पाणी रंगलं.

"तांबं," लुह म्हणाली. "माझ्या पाण्यात तांबं आहे."

रेदानाच्या डोळ्यांपुढे आजोबांची माळ आली आणि तिचा तांबूस काळा रंग.

ती मात्र कामाला लागली होती. भिंतीवर: तांबं कुठून? पंप. तारा. पंख्याचा खिळा. नळाचं तोंड. कोमांगची होडी. एकेक तपासून एकेक खोडत होती. पंप तिने पुरता उघडला, त्याची चकती सुपारीसारखी चिमटीत धरून पाहिली, परत बसवला. संध्याकाळपर्यंत भिंतीवर एकच नाव उरलं, आणि तेवढ्यात ते नाव दारात येऊन उभं राहिलं.

"म्बोक, काय म्हणतंय आमचं..."

"कोमांग, होडीच्या बुडाला रंग कधी लावलास?"

"गेल्या महिन्यात. का?"

"कसला रंग? शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो? त्यात तांबं असतं. त्याच होडीतून माझं पाणी आणलंस तू?"

"कॅनमधून आणलं! झाकणं लावून! होडी काय मी पाण्यात पिळली?"

"मग कुठून आलं?"

"मला काय विचारतेस? रोज जीव मुठीत धरून खाली जातोय तो मी. ते शेवटचं माझ्या हाताने काढून आणलंय. आणि तू म्हणतेस मी विष घातलं? ब्ली, तू ऐकतोयस ना? काहीतरी बोल!"

रेदाना ऐकत होता. गप्प राहता येण्यासारखं होतं. पुढच्या आठवड्याच्या बाजाराला ती गेली की नाणी काढून घ्यायची, पाणी बदलायचं, आणि कोमांगचा रुसवा आठ दिवसांत निघालाच असता. पण तोवर ती नुसतं वरचं पाणी बदलत राहणार, रंगाला दोष देत राहणार, आणि वाळूतलं विष पाण्यात उतरतच राहणार. सहा देठं उरली होती. आठ दिवस त्यांच्याकडे नव्हते.

कोमांग पायऱ्या उतरायला लागला होता.

"थांब रे," रेदाना म्हणाला. "त्याचा रंग नाही, लुह. माझी नाणी आहेत."

"कसली नाणी?"

"वास्तूची. वाळूखाली."

लुह पेटीकडे वळली.

"किती?"

"अकरा."

"पुरती अकरा? एक-दोनावर भागलं नसतं देवाचं?"

"शुभ आकडा..." रेदाना म्हणाला आणि बाही वर सारायला लागला.

*

हात त्यानेच घातला. खांद्यापर्यंत. नऊ वर्षांनी त्याचा एवढा भाग समुद्रात गेला. कपार त्याच्याच हातची, अंधारातही सापडली. दोरा सापडला. वर आली तेव्हा नाण्यांचा शंभर वर्षांचा काळपटपणा ठिकठिकाणी खाल्लेला होता, खालून गुलाबी धातू दिसत होता, भोकांभोवती निळसर हिरवा थर.

पहिल्यांदा पोटासने आणि आता भक्तीने, त्याच्या मनात आलं. हे त्याने तोंडातून काढलं नाही, कारण लुह आधीच हुकूम सोडत होती.

"निळी बादली. नवी आहे ती. कोमांग, भर समुद्राचं पाणी, आत्ताच्या आत्ता. रंगाबद्दल बोलले ते विसर, नाहीतर नको विसरूस, पण आधी पाणी आण. ब्ली, तुम्ही मडक्यांना ओलं फडकं गुंडाळा, पाणी तापलेलं येईल, थंड करून घालायचंय. आणि रडू नका, खारं पाणी वाया घालवू नका."

कोमांग पायरीवरून मागे वळला. "म्बोक, मला शिव्या देताना पण काम सांगतेस बघ," तो म्हणाला आणि धावत सुटला.

*

बादली, दिवस १. सहा देठं.
बादली, दिवस ३. पाच.
बादली, दिवस ६. चार. पंखा दोन्ही बाजूंनी.
बादली, दिवस ७. तीन.
बादली, दिवस ८. तीन.
बादली, दिवस ९. तीन.

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पाणी बदलायचं. कोमांग आणायचा, रेदाना थंड करायचा, लुह ओतायची. कसं ओतायची! बादलीच्या कडेवर तळहात ठेवून, बोटांवरून, इतकं हळू की पाण्याला पाणी लागल्याचा आवाज येऊ नये. डावा पाय पसरून रेदाना जमिनीवर बसायचा आणि बघायचा. त्याने आयुष्यात पुष्कळ शूर माणसं पाहिली होती, चाळीस हात खाली जाऊन हसत वर येणारी. बादलीशेजारी एकोणीस दिवस बसणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

ती त्याला रागावली नाही असं नाही. चौथ्या दिवशी भात वाढताना ती अचानक म्हणाली, "एकदा विचारलं असतंत तर."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

एवढंच. मग तिने त्याला मासा वाढला.

*

पेटी पुरती रिकामी केली. वाळू टाकून दिली. तांबं प्यालेले दगड रेदानाने समुद्राच्या अंगाला नेऊन डुकराच्या कुंपणाला लावले. त्याची वाडी अखेर त्याने म्हटलं होतं तिथेच गेली. कोमांगने खालचे, वर्षानुवर्षं समुद्रात मुरलेले चौथरे वर काढून दिले, ज्यांवरची सोनबोटं पांढरी पडली होती तेच. जिवाणू त्यांच्यात आधीच राहत होते, त्यामुळे या खेपेला कोळंबी कुजवावी लागली नाही. शेजारणीने येऊन खात्री करून घेतली.

बादलीच्या एकोणिसाव्या दिवशी नळीतलं पाणी सगळ्या थेंबांना बिनरंगाचं राहिलं. दोन मासे आधी घातले. मग लुहने दोन्ही हातांनी बादलीतून सोनबोट उचललं. तीन देठं, चार थडगी.

"थांब," रेदाना म्हणाला.

तो बाहेर जाऊन ताडाच्या पानाची लहानशी ताटली घेऊन आला. तीत फुलं, चिमूटभर भात. पेटीच्या पायाशी, बाहेर, जमिनीवर ठेवायला वाकला.

"ताटली उचला," लुह म्हणाली. तिचे हात पाण्यातच होते.

त्याने उचलली. खाली काही नव्हतं.

"फुलाखाली?"

त्याने फूल उचलून दाखवलं.

"दुसऱ्या हातात काय आहे?"

दुसऱ्या हातात माळ होती, धुऊन पुसलेली. "ही समुद्रात सोडून येणार होतो," रेदाना म्हणाला. "प्रायश्चित्त म्हणून."

"सोडा की! समुद्रातल्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

कोमांग दारात उभ्याउभ्या हसत सुटला, हसता हसता खाली बसला. रेदानाही हसला. मग त्याने अंगणाच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या छपराखाली, जिथून पाऊस आला तरी एक थेंब आतल्या खोलीपर्यंत पोहोचणार नाही अशा जागी माळ टांगली.

परत आला तेव्हा लुह पेटीसमोर मांडी घालून बसली होती. तिने त्याला शेजारी जागा करून दिली. पहिली दोन देठं अजून मिटलेली होती. तिसऱ्यातून एक बोट बाहेर आलं होतं, पंपाच्या प्रवाहात डावीकडे झुकत होतं, परत येत होतं.

"खाली असंच हलायचं?" लुहने विचारलं.

रेदाना काचेजवळ सरकला.

"खाली मी घाईत असायचो," तो म्हणाला.

भिंतीवरच्या दिवसांच्या नोंदींतलं काहीच तिने पुसलं नव्हतं. त्याखाली एक आडवी रेघ होती, आणि रेघेखाली: दिवस १. तीन.